घरची नानकटाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या तीन आठवडे आधीपासून माझ्या फोनवर नानकटाईचे फोटो यायला लागतात. कुणाची पसरून पापडासारखी झालेली, कुणाची तळाला काळी, कुणाची दिसायला देखणी पण हातात घेतली की भुगा. ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या, सगळ्यांना तीच ती उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळे प्रश्न एकत्र लिहून काढलेत. प्रश्नांना आकडे दिलेत, म्हणजे एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगायला नको. आणि एक गोष्ट आधीच सांगते: निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ ओव्हनमध्ये नसतं, तुपात असतं.

१. नानकटाई आणि बिस्किटात नक्की फरक काय?

नानकटाईत पाणी नाही, दूध नाही, अंडं नाही. मैदा, पिठीसाखर आणि तूप, एवढाच मूळ संसार. पिठाला पाणी लागलं की त्यात चिकटपणा तयार होतो, ज्याच्यामुळे पोळी लाटता येते. इथे तो चिकटपणा नको असतो. तूप पिठाच्या कणाकणाला लपेटून बसतं, म्हणून नानकटाई चावावी लागत नाही, जिभेवर विरघळते.

उगम सुरतेचा. तिथल्या डच व्यापाऱ्यांची बेकरी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि नानकटाई त्या भट्टीतून बाहेर पडली, अशी गोष्ट सांगतात. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खटाई’बद्दल मात्र जाणकारांची भांडणं आहेत, त्यात आपण पडायला नको. ‘नानखटाई’ म्हणा किंवा ‘नानकटाई’, आमच्याकडे क होता, म्हणून मी क लिहिते.

२. प्रमाण सांगा ना. आणि ग्रॅममध्ये नको, वाटीने सांगा.

दोन्ही सांगते, पण ऐकाल तर एक साधा वजनकाटा घ्या. प्रत्येक घरची वाटी वेगळी, आणि तूप वाटीत दाबून भरलं की अलगद घातलं यात दोन चमच्यांचा फरक सहज पडतो. नानकटाई बिघडायला तेवढा फरक पुरतो.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम. पिठीसाखर १२५ ग्रॅम. घट्ट तूप १४० ग्रॅम. बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा दोन बोटांच्या चिमटीत येईल एवढा, मीठही तेवढंच. वेलची आणि थोडं जायफळ. यात २५ ग्रॅमच्या साधारण २० होतात.

वाटीने: सगळी पिठं मिळून दोन वाट्या, पिठीसाखर एक वाटी, तूप पाऊण वाटीला थोडं कमी. वाटी एकच वापरायची, आणि तूप घट्टच मोजायचं. पातळ करून मोजलं तर हिशेब चुकतो.

३. कृती थोडक्यात?

तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने फेसा. सुरुवातीला पिवळट, जड आणि चिकट लागेल. पाच-सात मिनिटांनी हाताखाली हलकं होतं, रंग पांढरा पडतो आणि परातीवरून हात सरकताना आवाज बदलतो, चपचप जाऊन फसफस येतं. इथपर्यंत पोचल्याशिवाय पीठ घालू नका. मग पिठं, सोडा, बेकिंग पावडर एकत्र चाळून घाला आणि गोळा जमवा. जमवा म्हणजे जमवाच, कणकेसारखं मळू नका. मिश्रण सुरुवातीला भुरभुरीत दिसेल, मुठीत दाबलं की जमेल.

लिंबाएवढे गोळे करा, किंचित चपटे करा, वर पिस्त्याचे काप किंवा चारोळी दाबा. ट्रेमध्ये दोन बोटं अंतर ठेवा. १६० अंशांवर १८ ते २२ मिनिटं.

४. तूप गाईचं की म्हशीचं? घरचं की विकतचं?

कुठलंही चालेल, पण ते रवाळ आणि घट्ट असलं पाहिजे. हे या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

म्हशीच्या तुपाला दाणा चांगला पडतो, त्यामुळे फेसायला सोपं जातं. गाईच्या तुपाचा वास छान, रंग पिवळा, पण मुंबई-कोकणात ऑक्टोबरच्या उकाड्यात ते डब्यातच अर्धं वितळलेलं असतं. असं दाणे आणि तेल वेगळं झालेलं तूप घेऊ नका. पूर्ण पातळ करा, मग गार होताना अधूनमधून हलवत फ्रिजमध्ये ठेवा. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट झालं की काढा. बोट दाबल्यावर खड्डा पडला पाहिजे आणि तो भरून येता कामा नये. दगडासारखं झालं असेल तर दहा मिनिटं बाहेर ठेवा. गॅसवर धरू नका, कडेने वितळतं आणि मध्ये गोळा तसाच राहतो.

घरचं तूप घेणार असाल तर बेरी नीट गाळलेली हवी. बेरीचे कण राहिले तर भाजताना ते आधी करपतात आणि वर काळे ठिपके दिसतात. लोणी कढवताना थोडं पाणी राहिलं असेल तर तेही नडतं. कारण प्रश्न १ मध्ये आहे.

५. माझ्या सगळ्या पसरल्या. ट्रेमध्ये एकच मोठी नानकटाई झाली!

तूप मऊ होतं, किंवा जास्त पडलं, किंवा ओव्हन आधी तापवलेला नव्हता. थंड ओव्हनमध्ये ट्रे ठेवला तर पीठ आकार धरायच्या आधी तूप वितळून वाहून जातं.

उपाय: उरलेल्या गोळ्यांचा ट्रे २०-३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ओव्हन पूर्ण तापवा आणि आधी एकच नानकटाई भाजून बघा. ती पसरली तर मिश्रणात एक-दोन चमचे मैदा घाला. ही चाचणीची नानकटाई मी दर वेळी करते, आणि घरातलं कुणीतरी ती खायला ताटकळत उभंच असतं.

दुसऱ्या घाण्याला पसरल्या असतील तर ट्रे गरम होता. पहिला घाणा काढल्यावर ट्रे पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर दोन ट्रे आलटून पालटून वापरा.

६. बेकरीसारख्या भेगा पडत नाहीत.

बेकरीत बहुतेकदा नवसागराच्या जातीचा एक क्षार वापरतात, अमोनियम बायकार्बोनेट. तो भाजताना पूर्ण उडून जातो आणि जाताना पीठ फुलवून जातो. घरी तो नसला तरी काही बिघडत नाही. भेगा हव्या असतील तर गोळा हातावर फार गुळगुळीत वळू नका, आणि सोडा-बेकिंग पावडरची पुडी कधीची आहे ते बघा. बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाकल्यावर फसफसली नाही तर फेकून द्या. भेगा पडाव्यात म्हणून सोडा वाढवू नका. साबणासारखी चव लागते आणि रंगही पिवळट-तपकिरी होतो.

७. भुगा होतोय. / दगड झालेत.

भुगा होत असेल तर तूप कमी पडलंय किंवा गोळे नीट दाबले गेले नाहीत. एक चमचा तूप वाढवा. दूध घालायचा मोह होतो, तो टाळा. अगदीच वळत नसेल तर एखादा चमचा, त्यापुढे नाही.

दगड होण्याचं कारण बहुतेक वेळा मळणं असतं, नाहीतर जास्त भाजणं. गरम असताना नानकटाई मऊच लागते. ‘कच्ची राहिली’ म्हणून लोक आणखी आठ मिनिटं ठेवतात आणि गार झाल्यावर दात धरून बसतात. झाली का हे वरून नव्हे, खालून बघायचं: एक उलटी करा, तळाची कड फिकट सोनेरी दिसली की बाहेर काढा. वरचा भाग पांढराच असतो. ट्रेवरच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, हात लावू नका.

८. ओटीजीत किती तापमान? दोन्ही रॉड लावू का?

१६० अंश, दोन्ही रॉड, मधला खण, आधी दहा-बारा मिनिटं तापवलेला. छोट्या ओटीजीचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांची भेट क्वचितच होते. पहिल्यांदा करताना पंधराव्या मिनिटापासून काचेतून लक्ष ठेवा आणि आपल्या ओव्हनची वेळ वहीत लिहून ठेवा. तळ करपत असेल तर ट्रे काळा आहे का ते बघा. काळा पत्रा जास्त उष्णता धरतो. खाली बटर पेपर घाला आणि ट्रे एक खण वर घ्या.

९. ताई, ओव्हनच नाही. कुकरमध्ये होतील का?

होतात. मला कुकरपेक्षा जाड बुडाची जुनी कढई बरी वाटते, कारण कुकर कोरडा तापवून खराब होऊ शकतो. तरीही कुकरच घेणार असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा, आत पाणी घालू नका.

कढईत दोन वाट्या जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत नानकटाई ठेवून आच अगदी मंद करा. २० ते २५ मिनिटं लागतात. उष्णता खालूनच येते, त्यामुळे वर रंग येत नाही, तळ आधी होतो. एका वेळी सहा-सातच मावतात, तेव्हा पन्नास करायच्या असतील तर संध्याकाळ गेली असं धरून चला. ते मीठ पुढच्या वेळी याच कामाला वापरा, आमटीत नको.

१०. मायक्रोवेव्ह आहे, चालेल?

कन्व्हेक्शन मोड असेल तर चालेल, १६० अंशांवर आणि आधी तापवूनच. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर नाही. आतून करपतात आणि बाहेरून पांढऱ्या राहतात.

११. तुपाऐवजी बटर, डालडा किंवा नारळाचं तेल?

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, उरलेलं मुख्यतः पाणी. त्यामुळे नानकटाई न होता बटर बिस्कीट होतं. चांगलं लागतं, पण वेगळं. खारं बटर घेतलं तर मीठ गाळा.

वनस्पती तुपाबद्दल लोक घाबरत घाबरत विचारतात. खरं सांगायचं तर लहानपणची बेकरीतली नानकटाई त्याचीच होती. ट्रान्स फॅटच्या भीतीपायी ते मागे पडलं. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. माझा आक्षेप चवीचा आहे. ते तोंडात पूर्ण वितळत नाही, टाळूला मेणचट थर राहतो.

नारळाचं तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच दिवस ते पातळच. फ्रिजमध्ये घट्ट करून, पटापट फेसून, लगेच भाजायला ठेवलं तर जमतं. दूध-तूप न खाणाऱ्यांसाठी हाच मार्ग.

१२. मैदा नको. कणकेच्या, नाचणीच्या, गुळाच्या होतील ना?

कणीक: होतील. कोंडा चाळून घ्या आणि तूप एक-दोन चमचे वाढवा. रंग तपकिरी, चव खमंग. आमच्या सासूबाईंना याच जास्त आवडतात.

नाचणी: एकट्या नाचणीच्या तुटतात. निम्मी नाचणी, निम्मी कणीक घ्या, नाचणीचं पीठ आधी कोरडं भाजून गार करा.

गूळ: चिरलेला गूळ ओलसर असतो, नानकटाई मऊ पडते. कोरडी गूळ पावडर चाळून घ्या. आणि एक आगाऊ सल्ला: ‘बाबांना मधुमेह आहे म्हणून गुळाच्या केल्या’ असे निरोप बरेच येतात. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ साखरेचाच भाऊ. बाबांना एकच द्या, पण चांगली द्या.

१३. हळद घातली तर लाल ठिपके आले! भेसळ आहे का?

भेसळ नाही, सोडा आहे. हळद सोड्यासारख्या क्षाराशी भेटली की लाल होते, हळदीच्या डागाला साबण लागल्यावर होते तशी. खायला हरकत नाही, दिसायला वाईट. पिवळा रंग हवा असेल तर केशर घ्या, किंवा बेसन थोडं वाढवा.

१४. मध्येच वीज गेली तर?

पहिल्या पाच मिनिटांत गेली तर ट्रे काढून गार होऊ द्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. वीज आल्यावर पुन्हा सुरुवात. आकार थोडा बिघडेल. बारा-तेरा मिनिटं झाली असतील तर दार अजिबात उघडू नका, आतल्या उष्णतेवर बऱ्याच पुढे जातात. वीज आल्यावर तळ बघून (प्रश्न ७) पुढचं ठरवा. मधल्या मिनिटांत गेली तर नशीब. मी अशा एका घाण्याचा चुरा करून त्यावर आमरस घातला होता. पाहुण्यांनी कृती विचारली.

१५. किती दिवस टिकतात? मऊ पडल्या तर?

घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा-वीस दिवस. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने त्याच मऊ पडतात. पडल्याच तर १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करून पुन्हा गार करा, कुरकुरीत होतात. खवट वास आला तर मात्र टाकून द्या, भाजून तो जात नाही.

१६. बारा घरी वाटायच्या आहेत. नियोजन कसं करू?

घरटी आठ धरल्या तर ९६. म्हणजे प्रश्न २ च्या प्रमाणाचे पाच घाणे. एकदम पाचपट मिश्रण फेसू नका, हात भरून येतात आणि शेवटच्या घाण्यापर्यंत तूप मऊ पडतं. दोन-दोन घाण्यांचं करा, वळलेले गोळे फ्रिजमध्ये थांबवा. वाटायच्या दोन-तीन दिवस आधी करा. पहिल्या दिवशी वेलचीचा वास पुढे पुढे करतो, दुसऱ्या दिवशी तुपात मुरतो.

१७. फराळाच्या ताटात चिवड्याशेजारी ठेवल्या तर चालतं ना?

ताटात हो, डब्यात नाही. तूप वास ओढून घेतं. लसणाच्या शेवेच्या डब्यात दोन दिवस राहिलेली नानकटाई मी खाल्ली आहे, तुम्ही खाऊ नका.

१८. मुलगी परदेशात आहे, पाठवता येतील?

नानकटाया कडेवर उभ्या करून ओळीत, मध्ये बटर पेपर, हलायला जागा न ठेवता भरा. वरची पोकळी कागदाने दाबून भरा. चारोळी-पिस्ते वर लावू नका, गळून डब्याच्या तळाशी जातात. नियम देशागणिक वेगळे असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना सामानातला खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा लागतो, लपवला तर दंड बसतो. ‘घरचा खाऊ आहे’ हे कारण तिथे चालत नाही.

१९. उपवासाला चालतील अशा होतात का?

राजगिऱ्याच्या किंवा शिंगाड्याच्या पिठाच्या होतात. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर जास्त चांगल्या. अडचण पिठाची नसते, बेकिंग पावडरची असते: तिच्यात बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च असतो. ती गाळा. सोडा चालतो का, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारा. एका घरात चालतो, भिंतीपलीकडच्या घरात नाही. काहीच न घालताही होतात, जरा दाट लागतात एवढंच.

२०. गव्हाची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांना रवा-बेसनाच्या देऊ का?

नाही! रवा गव्हाचाच असतो, हे बरेच जण विसरतात. नुसत्या बेसनाच्या करा, पण बेसन आधी मंद आचेवर भाजून गार करा, नाहीतर कच्चट लागतात. गिरणीतून दळून आणलेलं बेसनही नको, आधी त्यात गहू दळलेले असतात. परात, चाळण, ट्रे धुऊन घ्या. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर त्यांचा डबा वेगळा भरा आणि वर चिठ्ठी लावा.

२१. लोक म्हणतात विकायला सुरुवात कर. काही परवाना लागतो?

घरून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. शेजारी-नातेवाइकांना भेट द्यायला काही लागत नाही. पैशांचं ठरवण्याआधी तुपाचा भाव, वीज आणि स्वतःचे तास कागदावर लिहून बघा. मी लिहिले होते. मी विकत नाही.

२२. पूर्वी बेकरीत सामान देऊन भाजून मिळायच्या. अजून मिळतात?

काही गावांत, जुन्या भट्टीच्या बेकऱ्यांत अजून मिळतात, विचारून बघा. आमच्याकडे मे महिन्यात आणि दिवाळीआधी मैदा, साखर, तूप पिशवीत घालून आई आम्हा मुलांना रांगेत उभं करायची. आतला माणूस कोपरापर्यंत हात घालून मिश्रण फेसायचा, आपण गोळे वळून काळ्या पत्र्यांवर लावायचे, पत्र्यावर खडूने आडनाव. एकदा खडू पुसला गेला आणि आमच्या नानकटाया दुसऱ्याच घरी गेल्या. त्यांच्या आमच्याकडे आल्या, त्यात वेलची नव्हती. आईने पुढची दोन वर्षं त्याचा उल्लेख केला.

२३. याच पद्धतीने गोव्याची बोलिन्यास होतील का?

नाही. नाताळच्या कुसवारात (म्हणजे त्या सणाच्या फराळात) शेजाऱ्यांकडे जाणारी ती बिस्किटं रवा, ओलं खोबरं, साखर आणि अंड्यातल्या पिवळ्या बलकाची असतात. मिश्रण बरेच तास, पुष्कळदा रात्रभर मुरवतात, म्हणजे रवा फुलतो. भाजायचा ट्रे तेवढा तोच चालेल.

२४. शेवटचा प्रश्न: स्टीलच्या डब्यातून देऊ की कागदी खोक्यातून?

लांबच्यांना खोकं, खाली बटर पेपर घालून. नाहीतर तुपाचे डाग फुटतात. शेजाऱ्यांना डबा. डबा परत येतो तेव्हा त्यात काहीतरी असतं, निदान चमचाभर साखर तरी. रिकामा डबा कुणी देत नाही. झाकणावर आणि बुडाला दोन्हीकडे नाव घाला. माझ्याकडे सध्या तीन डबे आहेत, ज्यांची झाकणं माझी आहेत आणि डबे नाहीत.